दहा वाल, दोन वाट्या

जगन आगिवलेला स्वतःचाच जुना कागद सापडला तेव्हा तो चहाची वाट बघत होता. संस्थेचं ठाण्यातलं ऑफिस सहाव्या मजल्यावरून आठव्यावर जायचं होतं, आणि शुक्रवारपर्यंत ज्याने त्याने आपापलं कपाट रिकामं करावं असा प्रकल्पप्रमुख शीतल मॅडमचा निरोप फिरला होता. मार्च महिना, एसी बंद, आणि कपाट म्हणजे मारुतीचं शेपूट. एक फाइल ओढावी तर मागून चार. अगदी तळाशी गेल्या वर्षीच्या रंगीत तालमीचे फॉर्म निघाले. पाड्यांवर जाण्याआधी ऑफिसातल्या चौदा जणांनी तेच प्रश्न एकमेकांना विचारून पाहिले होते, हसत-खिदळत, सामोशांच्या बशा बाजूला सारून. आपला फॉर्म त्याने अक्षरावरून ओळखला. बारा प्रश्न, बारा आकडे. चार, दोन, सहा, दोन, आठ, शून्य, चार, चार, दोन, सहा, दोन, चार. त्याने तो खाली ठेवला, पुढचा उचलला आणि मग पुढचा हातात तसाच धरून पुन्हा मागच्याकडे वळला. एकही विषम नव्हता. बाकीच्या तेरा फॉर्मांत पाच होते, तीन होते, सात होते. एकाने तर गंमत म्हणून सगळीकडे एक लिहिला होता. चहा आला, त्यावर साय धरली, तरी हा उभाच.

उभ्याउभ्या त्याने हिशेब केला. अंगणात साप निघाला तर आधी त्याची लांबी मोजणाऱ्यांतला हा माणूस. शून्यापासून दहापर्यंत अकरा आकडे, त्यांत सहा सम. बारा वेळा लागोपाठ समच पडावा हे योगायोगाने साधारण चौदाशेत एकदा होईल. चौदाशेत एकदा म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. पण नोव्हेंबरात हाच हिशेब करून त्याने एका मुलीला कामावरून काढायला लावलं होतं, आणि काढताना त्याची मान ताठ होती. आता तो कागदाच्या कडेला बोट घासत राहिला. कागद जुना होऊन कडेला मऊ पडला होता. खिडकीबाहेर कुठेतरी क्रेन कुरकुरत होती. त्याला मुंग्या आल्यासारखं झालं, तेही डोक्यात नाही, बोटांत. उजव्या हाताच्या तीन बोटांत, ज्यांनी त्याने गेल्या वर्षी त्या प्रश्नांची उत्तरं म्हणून वालाचे दाणे ठेवले होते.

प्रकल्प साधा होता, निदान कागदावर. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या डोंगरकडेच्या पाड्यांसाठी साप, वीज, पडझड अशा गोष्टींचा सामूहिक विमा बसवायचा, आणि त्याआधी माणसाला स्वतःच्या धोक्याचा अंदाज किती असतो ते मोजायचं. विम्याचं गणित दहा हजार घरांचं असतं. दहा हजार घरांत यंदा साधारण किती ठिकाणी साप चावेल हे ते छातीठोक सांगतं. कोणत्या घरात, हे विचारलं की गप्प. माणूस मात्र राहतो एकाच घरात, आणि त्याला हवं असतं नेमकं तेच उत्तर. या दोघांची गाठ घालून देणं हे जगनचं काम होतं आणि ते त्याला मनापासून आवडायचं. शेकडा किती शक्यता, असं डोळखांबच्या बाईला विचारलं तर ती विचारणाऱ्याची कीव करते. म्हणून दाणे. दहा दाणे माणसाच्या हातात द्यायचे, समोर दोन वाट्या ठेवायच्या, एक ‘होईल’ची, दुसरी ‘नाही होणार’ची. यंदा या घरात कुणाला साप चावेल का? जेवढं मनात येतं तेवढे दाणे इकडे, उरलेले तिकडे. मूळ पद्धतीत काचेच्या गोट्या होत्या. गोट्या नकोत, वाल घ्या, ही सुधारणा जगनची. ‘हाताला ओळखीचं काहीतरी पाहिजे,’ असं तो बैठकीत म्हणाला होता, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तिकडचा माणूस आहे, त्याला कळतं.

पाड्यांवर प्रश्न विचारायला चार तरुण नेमले होते. त्यांतली सोमी दरवडा शेणव्याजवळच्या पाड्यावरची, तेवीस वर्षांची, पाड्यावरची पहिली पदवीधर. उन्हात पायी फिरून तिने दोनशे चौदा फॉर्म आणले, सगळ्यांपेक्षा जास्त. ते संगणकात भरले, आलेख काढला, आणि पडद्यावर एकाआड एक दात मोडलेली फणी उभी राहिली. शून्य आहे, एक नाही. दोन आहे, तीन नाही. चार आहे, पाच नाही. अडीच हजारांवर उत्तरं, आणि विषम आकडे बोटांवर मोजण्याइतके. जगाच्या पाठीवर कुठेही माणसाला शक्यता विचारा, तो पाच म्हणतो. काही सुचेनासं झालं की पाच हा आकडा आपोआप तोंडातून बाहेर पडतो. पाच नाहीत म्हणजे माणसांना विचारलेलंच नाही. कुणीतरी झाडाखाली बसून आकडे भरलेत, आणि भरताना त्याच्या हाताला एक लकब लागलीय. पुस्तकात असंच लिहिलंय. जगनने शीतल मॅडमना असंच सांगितलं.

सांगण्याआधी मात्र एक क्षण होता. आज, हातात तो मऊ कागद धरून, त्याला तो क्षण पुरता आठवला. फणी पडद्यावर आली तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी हललं होतं, माठात खाली बसलेला गाळ हलतो तसं, आणि तो उठून पाणी प्यायला गेला होता. दोन पेले पाणी पिऊन परत आला तोवर गाळ खाली बसला होता. आणि दुसरं म्हणजे शीतल मॅडमनी त्याला विचारलं होतं. बाई सरळ, घाई न करणारी. चष्मा काढून म्हणाली, “जगन, तू तिकडचाच ना? तिथे दाण्यांचं असं काही असतं का? काही समजूत, काही पद्धत?” आणि तो म्हणाला होता, “नाही मॅडम. आमच्याकडे असं काही नाही.” एवढंच वाक्य. ते म्हणताना त्याला खोटं बोलल्यासारखं वाटलंसुद्धा नव्हतं. स्वच्छ वाटलं होतं, न्हाऊन आल्यासारखं.

त्यानंतरचं सगळं रीतीप्रमाणे झालं. सोमीला फोन त्यानेच केला. तपासणी कशी केली हे सांगायचं नाही असा नियम होता, म्हणून सांगितलं नाही. माहिती नैसर्गिक वाटत नाही, एवढंच. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “सर, मी त्यांच्या दारात बसलेय. त्यांनीच ठेवले दाणे. कुणालाबी इचारा.” त्यावर हा म्हणाला, “सोमी, आकडे बोलतात गं.” आकडे बोलतात! हे वाक्य त्याने कुठल्याशा व्याख्यानात टाळ्या घेऊन आणलं होतं. मग पत्र गेलं, त्यात ‘आढळलेली विसंगती’ असा शब्द होता, आणि खाली जगनची सही. दोनशे चौदा फॉर्म बाजूला पडले. आकडे खरंच बोलले होते, ही त्यातली मेख. ते म्हणत होते, हे योगायोगाने झालेलं नाही. कोटीत एकदासुद्धा असं होणार नाही. बरोबरच होतं. पण ‘योगायोग नाही’ आणि ‘पोरगी खोटारडी आहे’ या दोहोंच्या मध्ये एक अख्खा डोंगर होता, त्यावर पाडे होते, पाड्यांत माणसं होती. ही उडी मारू नका, असं तो दर जूनमध्ये नव्या मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं. फरक इतकाच की काखेतला कळसा याला टोचत होता आणि तरी हा वळसा घालायला निघाला होता.

कळसा म्हणजे सूप. डोळखांबच्या मागे, डांबरी रस्ता संपून आणखी अर्धा तास चढलं की जगनचा पाडा. तिथे त्याची आई जोड लावायची. त्यात भगत नाही, देव नाही, अंगात येणं नाही. ते बायांचं घरगुती काम होतं, चूल सारवावी इतकं साधं. कुठे निघायचं असलं, काही करायचं असलं, की कणगीतून मूठभर वाल घ्यायचे आणि सुपात दोन-दोन करून मांडायचे. सगळ्यांना जोडीदार मिळाला तर निघायचं. एक दाणा एकटा उरला तर थांबायचं, कारण एकटा दाणा घरात कुणालातरी एकटं पाडतो. म्हणून तो तसा ठेवायचाच नाही. कोंबडीला टाकायचा, नाहीतर कणगीतला एक आणून त्याच्या शेजारी बसवायचा. सुपातच नव्हे, कुठेच ठेवायचा नाही. ताटात नाही, उखळात नाही, पोराच्या मुठीत नाही. लहानपणी खाताखाता एखादा दाणा बाजूला पडला तर आई बोलता-बोलता, न बघता, त्याला दुसरा लावून द्यायची. ही गोष्ट कुठल्या पुस्तकात नाही. असणार कशी? विचारायला येतात ते भगताला विचारतात. सुपाशी बसलेल्या बाईला कुणी विचारत नाही.

जगन अकरा वर्षांचा, धाकटा भिमा सात. बाप वीटभट्टीवर गेलेला. पहाटे भिमाने हात झटकला, काहीतरी चावलं म्हणाला, आणि गोधडीखालून मण्यार निघाली. आईने पोराच्या हाताला फडकं बांधलं आणि सूप ओढलं. निघायचं होतं ना? मग जोड. पहिल्यांदा एक उरला. आईने दाणे कणगीत टाकले, पुन्हा मूठ घेतली. पुन्हा एक उरला. भिमा म्हणाला, आये, माझी पापणी उचलत नाय. तिसरी मूठ सुपात पडत असताना खालच्या वळणावर जीप वाजली. शहापूरला बाजारची माणसं नेणारी, दिवसातली पहिली. जगनने ती ऐकली. घाट उतरताना गियर बदलल्याचा आवाज, मग लांब जाणारा, मग फक्त भिमाचं श्वास ओढणं. तिसऱ्यांदा सगळे जोडीने बसले. रस्त्यावर पोचले तेव्हा धूळसुद्धा खाली बसली होती. पुढच्या गाडीने भिमाला नेलं ते परत आणण्यापुरतंच. थोडं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. तसं ते सगळ्यांनाच म्हणतात. लागोपाठ दोनदा एक उरण्याची शक्यता चारात एक, हे जगनला पुढे कॉलेजात कळलं. त्यात विशेष काहीच नव्हतं. नाणं दोनदा उडवून दोनदा छापा यावा एवढीच गोष्ट, आणि तेवढ्यात एक जीप निघून गेली होती. ते कळलं त्या दिवशी वसतिगृहाच्या गच्चीवर तो खूप वेळ बसला होता, आणि तेव्हाच त्याने ठरवलं असावं की आपण हेच शिकायचं. आईला त्याने कधी जीपचं सांगितलं नाही. तिने ऐकली नसेल, अशी त्याची खात्री होती. तिचं लक्ष सुपात होतं.

संध्याकाळी कल्याणच्या घरी पोचला तेव्हा धोंडीबाई, त्याची आई, गॅलरीत कडवे वाल मोड काढायला निवडत बसली होती. दिवे लागले होते. तो चपलांसकट तिच्यासमोर खाली बसला.

“पोरा, हातपाय तरी धू,” ती म्हणाली.

“आये, तू अजून जोड लावतेस का गं?”

तिची बोटं थांबली नाहीत. खडा बाजूला, दाणा ताटात. “नाय रे. भिमा गेला त्या दिसापासून नाय लावली.”

“कधीच नाही?”

“कशाला लावू? ती जीप गेली तिचा आवाज मी पन ऐकला व्हता, जगन.”

तीस वर्षं. तीस वर्षं तो आवाज आपल्या एकट्याचा आहे असं समजून त्याने तो सांभाळला होता. आईला कळू नये म्हणून दिवाळीत, आजारपणात, लग्नाच्या बोलण्यांत, कशात म्हणून तो विषय येऊ दिला नव्हता. आणि ही बाई तोच आवाज घेऊन रोज भाकऱ्या थापत होती, त्याला कळू नये म्हणून. त्याला एकदम रडू फुटलं. आईने ताट बाजूला केलं, त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. तिच्या लुगड्याला वालाचा हिरवट वास होता. थोड्या वेळाने डोकं वर केलं तेव्हा त्याची नजर ताटावर गेली. तिने निवडलेले दाणे कसेही पडले होते, एकटे-दुकटे, ढिगाने. तिने खरंच सोडलं होतं. सोडलं नव्हतं ते त्याच्या बोटांनी. पदव्या घेतल्या, प्रबंध लिहिला, लोकांना योगायोग शिकवला, आणि समोसा खाताखाता दहा वाल हातात पडल्याबरोबर बोटं आपली सुपाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने सोमीचे फॉर्म पुन्हा काढले. या खेपेला आकडे बघितले नाहीत, माणसं बघितली. दोनशे अकरा फॉर्मांत एकही विषम नव्हता. उरलेले तीन कुणाचे? एक आश्रमशाळेतल्या लातूरच्या मास्तरांचा, एक पोल्ट्रीवरच्या रखवालदाराचा, तो बिहारचा, आणि एक पाड्यावर लग्न होऊन आलेल्या नाशिकच्या मुलीचा. बाहेरून आलेले तिघे, आणि तिघांचेच पाच, तीन, सात. झाडाखाली बसून आकडे भरणारी पोरगी एवढं नाजूक काम कशाला करील? नोव्हेंबरात हे तीन फॉर्म त्याच्या पुढ्यातच होते. तेवढ्यात त्याला आणखी एक सुचलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. चौघांतल्या दोघांकडे खालच्या, मिश्र वस्तीच्या वाड्या होत्या, पण सुनिल नावाच्या मुलाने सोमीच्या डोंगरापलीकडचे, मुरबाडच्या अंगाचे पाडे केले होते. तिथलीही माणसं हीच, बायाही ह्याच. आणि सुनिलचा आलेख कसा होता? सुरेख. पाच भरपूर, तीन-सात बेताचे, पुस्तकात छापावा असा. शीतल मॅडमनी त्याचं कौतुक केलं होतं. जगनचा हात फोनकडे गेला आणि मध्येच थांबला. ही तीच उडी होती. त्याने वहीत फक्त लिहिलं, ‘सुनिलच्या पाड्यांवर स्वतः जाऊन विचारणे’, आणि वही मिटली. मग त्याने पत्र तयार केलं. ‘स्थानिक प्रथेबाबत नव्याने उपलब्ध झालेल्या माहितीनुसार पूर्वीचे निरीक्षण मागे घेण्यात येत आहे.’ वाक्य चांगलं होतं. कुणालाच लागत नव्हतं.

शनिवारी तो शहापूरहून एसटीने शेणव्याच्या फाट्यावर उतरला. पुढे पायी. भात कधीच निघालं होतं, खाचरांतल्या ओलीवर घेतलेला वालही उपटून झाला होता, आणि दर घरापुढे शेंगा वाळत पडल्या होत्या. ऊन पायांखाली चरचरत होतं. सोमीच्या अंगणात तिची आई पारू काठीने शेंगा झोडत होती. सोमी सूप घेऊन पाखडत होती. तिने त्याला पाहिलं, पाखडणं पुरं केलं, मग उठून पाण्याचा तांब्या आणला.

“बसा सर,” ती म्हणाली. त्यात ना राग होता ना लोभ.

तो ओट्यावर बसला. वाटेत जुळवलेलं सगळं पाण्याबरोबर गिळलं गेलं. “तुझे आकडे सगळे सम होते,” तो म्हणाला. “त्याच्यावरून काढलं तुला.”

“सम म्हंजे?” पारूने काठी थांबवून विचारलं.

“जोडीनं,” सोमी म्हणाली. ती त्याच्याकडेच बघत होती. “एवढंच?”

“एवढंच.”

“मंग एकटा दाना कोन ठेवील, सर? तुमच्या पोराला साप चावंल का, इचारायचं, आन् वाटीत एकटा दाना सोडायचा? मी पन नाय सोडनार.” तिचा आवाज थोडा चढला. “मला वाटलं कुनी चुगली केली. चार महिने मी तेच शोधतेय. मावशीच्या घरी जायचं सोडलं मी, तिनंच केली म्हनून. शहापूरला आरोग्याच्या सर्व्हेत घेत व्हते, तुमचं पत्र बघून नको म्हनले. सोमवारी मुरबाडला मुलाखत हाय. तिथं पन तेच मागतील. मला इचारलं असतं तर एका वाक्याचं काम व्हतं.”

त्याने पिशवीतून पत्र काढून दिलं. तिने ते उन्हात धरून सावकाश वाचलं, ओठ हलवत, आणि एका जागी बोट ठेवलं. “‘नव्याने उपलब्ध झालेल्या’,” ती म्हणाली. “तुमाला नव्यानं कळलं? तुमी आगिवले ना, डोळखांबच्या मागले? आईचं माहेर तिकडं. तिकडं तर आमच्यापेक्षा जास्त लावतात जोड.”

जगनने नजर अंगणाकडे वळवली. अंगणात एक कोंबडी शेंगांच्या टरफलांत पाय खरवडत होती, आणि त्याला उगाच वाटलं की ही कोंबडी निघून गेली तर बरं होईल. सोमी आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. ती दोन स्टीलच्या वाट्या घेऊन आली, त्याच्यापुढे मांडल्या, सुपातले दहा वाल मोजून त्याच्या तळहातावर ठेवले. प्रशिक्षणात त्यानेच शिकवलं होतं तसंच. वाट्या एक वीत अंतरावर, आवाज सपाट, विचारणाऱ्याने उत्तर सुचवायचं नाही.

“सवाल तेरावा,” ती म्हणाली. “सोमीनं घरी बसून खोटे फॉर्म भरले. ही वाटी ‘भरले’ची, ही ‘नाय भरले’ची. आजचं नको. पत्रावर सही केली त्या दिवशीचं सांगा. दहातले किती?”

दहाच्या दहा ‘भरले’त टाकले असते तर ते पत्राला शोभलं असतं. सहा-चार केले असते तर सभ्य दिसलं असतं. पण खरं काय होतं? त्याला तो पाण्याचा पेला आठवला, पोटात हललेला गाळ आठवला, चष्मा काढलेल्या शीतल मॅडम आठवल्या. नऊ. त्या दिवशी त्याच्या मनात नऊ होते. त्याने एकेक दाणा ‘भरले’च्या वाटीत टाकायला सुरुवात केली. आठपर्यंत हात सरळ गेला. नववा दाणा बोटांतून सुटेना. बोटं म्हणत होती हा तिकडे, दहाव्याच्या जोडीला, दोन इकडे दोन तिकडे, पोरा असं नसतं ठेवायचं. इतक्या वर्षांत आपण स्वतःच्या हाताशी कधी असे भांडलो नाही, असं त्याच्या मनात आलं. शेवटी नववा पडला. दहावा दुसऱ्या वाटीत टाकला तेव्हा रिकाम्या स्टीलवर तो टणकन वाजला आणि कडेला जाऊन एकटाच थांबला.

सोमीने दोन्ही वाट्या निरखून पाहिल्या. “एक माझ्या बाजूला व्हता म्हंजे,” ती म्हणाली.

“होता.”

“मंग तो कुनाला दाखवला का नाय?”

“मॅडमनी विचारलं होतं मला, तिकडे असं काही असतं का म्हणून. मी नाही म्हणालो.” आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, तो म्हणाला, “माझा भाऊ गेला जोडीपायी. म्हणजे जोडीपायी की काय, ते मलाही सांगता यायचं नाही. पण ते तुझ्या कागदावर दिसलं आणि मला ते बघायचं नव्हतं. तू खोटी निघालीस तर बरं, असं मला वाटलं.”

पारू काठी भिंतीला टेकवून आली. तिला वाट्यांचं, प्रश्नाचं, नऊ-एकाचं काही पडलेलं नव्हतं. तिला फक्त वाटीतला तो दाणा दिसत होता. तिने सुपातले दोन वाल उचलले, एक नऊच्या वाटीत टाकला, आणि दुसरा त्या एकट्याच्या शेजारी, बोटाने सारून, अगदी लगत बसवला.

“असं नको ठेवू, दादा,” ती म्हणाली. “पोर बसलीय समोर.”

ती परत शेंगांकडे गेली. जगन वाटीतल्या दोन दाण्यांकडे बघत राहिला. मग त्याने सोमीकडून पत्र मागून घेतलं, मांडीवर पिशवी ठेवून त्यावर ते पसरलं, आणि पेनाने ‘नव्याने उपलब्ध झालेल्या’ हे शब्द खोडले. त्यांच्या वर लिहिलं, ‘मला लहानपणापासून माहीत असलेल्या’. खाली जागा होती तिथे लिहिलं, ‘शीतल मॅडमनी विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. सोमी दरवडा यांचे सर्व फॉर्म खरे आहेत. रंगीत तालमीतला माझा फॉर्म सोबत जोडत आहे. त्यातले बाराच्या बारा आकडे सम आहेत.’ अक्षर थोडं वाकडं आलं. सही केली, पिशवीतून आणलेला तो मऊ फॉर्म त्याला जोडला आणि कागद तिच्याकडे दिला.

सोमीने तो दोनदा वाचला.

“तारीख राहिली, सर,” ती म्हणाली.

त्याने तारीख घातली.